पत्र्याचा ससा

शिरपूरची यात्रा उठली, पाळणेवाले-फुगेवाले आपापल्या वाटेनं गेले. पण रामसिंग खेळवाल्याचा डबा जिनदासच्या किराणा दुकानातच राहिला. "टपावर जागा नाई, सेठ. आठ दिसानं नेतो," म्हणून गडी बसमध्ये चढला तो गेलाच. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. लोकांच्या तोंडावर हसू परतत होतं, आणि काचेच्या त्या डब्यापुढे गिऱ्हाइकांपेक्षा रिकामटेकडेच जास्त जमायला लागले.

खेळ मोठा गमतीचा. डब्याच्या बाजूची मूठ फिरवली की पत्र्याचा ससा पळायचा, बटण दाबलं की उडी मारायचा. फळ्या एकीवर एक, मागेपुढे सरकणाऱ्या. वेळ चुकली की ससा तळाच्या काळ्या खड्ड्यात. पुन्हा मूठ फिरवा, पठ्ठ्या खालच्या फळीवर हजर! सगळ्यात वर एक इवलंसं दार होतं. तिथवर अजून कोणी पोचलं नव्हतं.

जिनदासची बायको जतनबाई त्याकडे ढुंकूनही बघत नसे. पण मन कुणाचं ऐकतं? एका दुपारी दुकानात चिटपाखरू नाही असं पाहून तिनं मूठ धरली. ससा भराभर चढला. मग बटण दाबायला उशीर झाला.

खड्ड्यातून आवाज आला तो पत्र्याचा नव्हता. मऊ, जड आवाज होता. आणि कितीही मूठ फिरवली तरी ससा काही वर आला नाही.

"माह्या हातून जीव गेला," ती नवऱ्याला म्हणाली.

"अवं, पत्र्याचा हाय तो," जिनदास हसला.

"मंग साखरेचा हत्ती आपल्या जैनाच्या घरात काहून नाई खात कोनी? पिठाचा कोंबडा काहून नाई कापत? आकार आला का जीव आला, अन् मनानं मारला तरी पाप लागते. तुमच्याच मायनं शिकवलं मले."

त्याच संध्याकाळी तिनं नियम घेतला: ससा त्या दारातून आत जाईस्तोवर अन्नाला शिवायचं नाही. फक्त पाणी, तेही दिवसाउजेडी.

जिनदासनं डब्याची मागची फळी उचकटली. खड्डा वीतभर खोल, आणि रिकामा. कोपऱ्यात लेंड्या होत्या. हाताला ओलसर लागल्या. बायकोला त्यानं हे सांगितलं नाही.

सकाळी दुकान उघडलं तर ससा खालच्या फळीवर उभा. त्याचा एक कान मुडपला होता.

जतनबाई डब्यापुढे बसली. तिला भीतीपेक्षा नवलच जास्त वाटत होतं. कारण बटण चुकीच्या वेळी दाबलं की ससा उडीच मारेना. थांबायचा, मान वळवून तिच्याकडे बघायचा. मग तीच शिकली. त्याचं पोट हललं की दाबायचं. पत्र्याचं पोट हलतं, हे तिनं मुकाट्यानं मान्य करून टाकलं.

उन्हं कलली तेव्हा ससा शेवटच्या फळीवर होता.

दार उघडलं. ससा आत गेला. दार लागलं.

"सुटली मी," जतनबाई म्हणाली, आणि घळाघळा रडली.

जिनदासनं लगबगीनं भाकर-वरण वाढलं. दिवस बुडायच्या आत तिच्या पोटात घास जायला हवा होता. ताट घेऊन तो मागच्या अंगणात आला, तर बायको गच्चीचा जिना चढत होती. गच्चीला कठडा नव्हता. पुढे अरुंद बोळ, आणि बोळापलीकडे गोदामाचं छत.

"जतन, जेवाले ये. वरती कायले चाल्ली?"

"मी नाई चाल्ली," ती हळूच म्हणाली.

दुकानातून करकर ऐकू आली. जिनदासनं मागल्या दारातून आत पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. मूठ फिरत होती.

जतनबाई गच्चीच्या काठाशी पोचली.

करकर थांबली.

तिचा पुढचा पाय बोळावर उचललेला होता. तो तसाच राहिला, बटणाची वाट बघत.