आधी तिला आत घ्या

मोरोलाके वरातीच्या गाडीतून उतरली तेव्हा ऊन अजून कललंही नव्हतं. इजेबू प्रांतातल्या सरदारघराण्यात नवी सून आली की उंबऱ्याबाहेर तिचे पाय धुतात. मग ती वाळल्या भोपळ्याचं भांडं पायाखाली फोडते आणि आत जाते. जितके तुकडे, तितकी मुलं.

परदेशी शिकून आलेल्या मोरोलाकेनं पाय धुतल्यावर पुन्हा उंच टाचेचे बूट चढवले आणि भांड्यावर पाय दिला. भांडं निसटून शेळ्यांत गेलं आणि ती पाय धुतलेल्या चिखलात धपकन बसली.

“विलायतेत पाय ठेवायला शिकवत नाहीत वाटतं,” आतेसासू म्हणाल्या. बायका हसून लोटपोट झाल्या.

आठ वर्षांची नणंद पुढं आली. “मला नावानं हाक मारायची नाही हं. तुझ्याआधीपासून मी या घरातली. म्हणजे आमच्या रीतीनं मीही तुझा नवराच.”

“बरं, धनी. मग तेवढं भांडं आणून द्या.”

दुसऱ्यांदा पाय दिला. तिसऱ्यांदा अनवाणी, सगळा भार टाकून. भांड्याला तडासुद्धा गेला नाही. वरातीचे ढोल एकेक करून थांबले.

“हिचंही फुटत नाही,” नणंद म्हणाली. “अबेकेसारखंच.”

सासूबाईंनी तिचं तोंड दाबलं.

“कोण अबेके?” मोरोलाकेनं नवऱ्याला विचारलं.

अदेगोकेनं मान खाली घातली. “माझी पहिली... तिचं फुटलं नाही. वांझ सून आत घेत नाहीत, म्हणून इथंच उंबऱ्याबाहेर बसवली. तीन दिवस. तापानं गेली...”

“आणि तू कुठं होतास?”

“आत...”

मोरोलाकेची कानशिलं तापली. “आत. जेवत होतास, झोपत होतास, आणि बायको दारात मरत होती. एका भोपळ्यापायी. मी या घरात पाऊल टाकणार नाही. आधी तिला आत घ्या.”

कुणी अडवलं नाही. ती फाटकापाशी पोचली तोच मागून सासूबाईंचा दबका आवाज आला.

“ये, बाई... आत ये.”

ती संतापानं वळली. सासूबाई तिच्याकडं बघतच नव्हत्या. उंबऱ्याबाहेर गुडघे टेकून त्या मोकळ्या जागेवर तांब्या ओतत होत्या. धार जमिनीच्या वीतभर वर अडत होती आणि तिथून घोट्यांच्या, टाचांच्या वळणानं खाली ओघळत होती. तापात निजलेल्या माणसाच्या अंगाला येतो तसला आंबूस वास फाटकापर्यंत आला.

“नीट धुवा, आई,” मोरोलाके म्हणाली.

सासूबाई धूत राहिल्या. तांब्या केव्हाच रिकामा व्हायला हवा होता.