सगळ्या घराला पुरेल असं पुस्तक

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या टोपीवरून, कोपरांवरून, अगदी नाकाच्या शेंड्यावरूनही पाणी गळत होतं. मी शिडीवर चढून वरच्या फळीवर मुलांची बायबलं रचत होते.

"पायपुसण्यावरच थांबा!" मी वरूनच ओरडले. "पुस्तकं भिजतील!"

तो थांबला. टाचा जुळवून, शहाण्या मुलासारखा. मग मान वर करून म्हणाला, "थांबलो. पण मी बहिरा नाही हं."

शिडीवरच माझे कान तापले. त्यात माझा दोष नव्हता. दुकान दीना मावशीचं, आणि मावशीला ऐकू येतं ते फक्त वादळ आणि मी. रोज जेवणानंतर मी तिला वाचून दाखवते, तेही असं की शेजारच्या पाववाल्यालाही गोष्ट कळावी. हळू बोलायची सवयच राहिली नाही मला.

मी खाली उतरले आणि शक्य तितक्या नाजूक आवाजात विचारलं, "काय हवंय?"

"काय?" त्याने कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं."

आणि हसला. समुद्राचा वास होता त्याच्या कोटाला, आणि डोळे भरतीच्या पाण्यासारखे करडे. मला वाटलं, आज पाऊस थांबला नाही तरी चालेल...

"एक पुस्तक हवंय," तो म्हणाला. "जेवणानंतर टेबलाशी वाचायला. सगळ्या घराला पुरेल असं."

"सगळं घर म्हणजे कोण कोण?"

"बाबा आहेत. त्यांना खरं तेवढंच चालतं, रचलेल्या गोष्टीवर विश्वास नाही. आजी आहे, तिला सगळं चालतं, पण ऐकू येत नाही. लेना पंधरा वर्षांची, तिला काहीच चालत नाही. आणि फेमके सहा वर्षांची. तिला ससा लागतो."

"ससा?"

"गोष्टीत. कुठेतरी. एक तरी."

"आणि तुम्हाला?"

"मला..." तो टोपी पिळायला लागला. "मला सगळे बसलेले हवेत. आई वाचायची आमच्याकडे. दोन वर्षं झाली तिला जाऊन. आता बाबा बायबलचा अध्याय वाचतात, आमेन म्हणतात, की खुर्च्या सरकल्याच. ताटं तिथेच, माणसं गायब."

आमच्या भागात देवाधर्मामुळे घराघरात टीव्ही नाही. जेवणानंतरचं वाचन हीच काय ती घराची संध्याकाळ. ती मिटली की घरात नुसती भांडी वाजतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी मी त्याला एका मिशनरी डॉक्टरचं चरित्र दिलं. खरं होतं, म्हणून बाबांसाठी. मधे एक ससाही होता, जरी तो शेवटी शिजवला जात असला तरी. नाव विचारलं तर म्हणाला, लीवन. बांधापलीकडच्या गावचा, वडिलांबरोबर शिंपल्यांच्या बोटीवर असतो.

"मी पीटरनेल," मी सांगितलं.

"ते गल्लीच्या टोकापर्यंत कळलं असेल," तो म्हणाला आणि पावसात निघून गेला.

पुढच्या शनिवारी तो परत आला. पाऊस नव्हता, तरी पायपुसण्यावरच उभा राहिला.

"आत या की."

"सवय लागली. इथून दुकान छान दिसतं." बघत मात्र तो दुकानाकडे नव्हता. "ससा शिजला त्या दिवशी फेमके जी रडली... आणि बाबा एकटेच उरले टेबलाशी. तेही झोपलेले."

मग मी नोहाच्या तारवातल्या प्राण्यांचं पुस्तक दिलं. पानोपानी ससे. फेमके खूश झाली, पण लेना "मी बालवाडीत नाही" म्हणून कानात गाणी घालून बसली. मग मी गोष्टी वाचून दाखवणाऱ्या सीडी दिल्या, पार्श्वभूमीला ऑर्गनवर स्तोत्रं वाजत असलेल्या. दुसऱ्याच दिवशी, शनिवारची वाट न बघता, लीवन हजर.

"बाबा म्हणाले, माझ्या टेबलावर डबा बोलणार नाही."

"आणि आजी?"

"तिने डब्याला दोनदा 'मोठ्याने बोल रे' म्हणून सांगितलं."

आम्ही दोघं इतके हसलो की मावशी आतून बाहेर आली. तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पायपुसण्यावर एक खुर्ची आणून ठेवली.

"बसू दे त्याला," ती मला म्हणाली. "मी बहिरी आहे, आंधळी नाही."

असे आठवडे गेले. मी दिवसभर पुस्तकं चाळायची आणि मनात त्या कधी न पाहिलेल्या टेबलाभोवती माणसं बसवायची. इथे आजी, तिथे लेना, फेमके उशीवर उंच केलेली... आणि एक खुर्ची रिकामी. स्वप्नातही मी त्यांच्यासाठी ससे शोधत असे. कधी कधी माझ्या मनात पापही यायचं. बरोबर पुस्तक सापडलं तर हा पुन्हा येईल कशाला? मुद्दाम जरा फसणारं द्यावं... पण मग त्या रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या दिसायच्या आणि मला माझीच लाज वाटायची.

सप्टेंबरच्या एका शनिवारी तो आला आणि खुर्चीवर बसलाच नाही.

"बाबा म्हणतात, आता हे शेवटचं. याने नाही जमलं तर पुस्तकं आणणं बंद. ते म्हणतात, जे तुझी आई करायची ते तिच्याबरोबर गेलं, ओढून आणू नकोस." त्याने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "आणि येत्या महिन्यात लेना शिकायला जाईल, मामाकडे राहील. मग टेबल आणखीच..."

मी फळीवरून ते पुस्तक काढलं. माझं स्वतःचं आवडतं, म्हणून इतके दिवस दिलं नव्हतं. दीपगृहात राहणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट, खऱ्या वादळावर बेतलेली. त्यात एक देवभोळी, विनोदी आजी आहे, वल्हं हातात घेऊन बोट काढणारी पंधरा वर्षांची मुलगी आहे. आणि दीपगृहाच्या जिन्यात राहणारा ससाही आहे, जो शेवटपर्यंत जिवंत राहतो.

मी पुस्तक पुढे केलं. त्याने धरलं. पण माझी बोटं सुटेनात.

"सोडा की," तो हळूच म्हणाला.

"सोडते," मी म्हणाले. "जरा वेळाने."

तो हसला नाही. मला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दीना मावशीला त्याच चर्चमध्ये जायचं असतं जिथला पाळक आरडाओरडा करतो, कारण तेवढाच उपदेश तिला ऐकू येतो. त्या रविवारी असा एक पाळक बांधापलीकडच्या गावात येणार होता. मी नको म्हणाले नाही. आरशासमोर मावशीची रुंद कडेची निळी हॅट डोक्यावर चढवताना मी स्वतःला बजावलं की मी केवळ देवाच्या वचनासाठी जाते आहे. आरशातल्या मुलीला काही ते पटलं नाही.

बाहेर धुकं होतं. बांधावरून सायकल चालवताना एका बाजूला समुद्र नुसता ऐकू येत होता आणि दुसऱ्या बाजूला मेंढ्या नुसत्या खोकत होत्या. चर्च गच्च भरलेलं. मावशीला अगदी पुढे, कमी ऐकणाऱ्यांच्या बाकावर एक जागा मिळाली. मला खांबाजवळ एक आख्खा बाक रिकामा दिसला. मी आत सरकून बसले, समोरच्या फळीवर स्तोत्रांचं पुस्तक ठेवलं, आणि डोळे मिटून प्रार्थना केली. कोणती, ते सांगत नाही.

डोळे उघडले तर बाकाच्या तोंडाशी एक उंच, करडा माणूस उभा. मागे काळ्या हॅटमधली म्हातारी, एक तोंड वाकडं केलेली मुलगी, एक सशासारखे दात असलेली चिमुरडी... आणि लीवन.

मी स्तोत्रांचं पुस्तक उचललं. त्याखाली फळीवर छोटीशी पितळी पट्टी होती. त्यावर त्यांचं आडनाव. बाक त्यांचा होता, पिढ्यान्‌पिढ्यांचा.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांना काय सांगू! आमच्याकडे एखादी परकी मुलगी एखाद्या घराच्या बाकावर, थोरल्या मुलाशेजारी बसली, तर त्याचा अर्थ एकच. जमलं. वेगळं काही सांगावं लागत नाही. पुढच्या पायरीला थेट लग्नाची तारीखच असते.

मी उठायला गेले. पण ऑर्गन सुरू झाला, वडील काही न बोलता आत शिरले, मागून सगळे. फेमके माझ्या एका बाजूला आली, लीवन दुसऱ्या. आजीने पुढे वाकून माझ्या हॅटखाली बघितलं आणि कमी ऐकणारी माणसं कुजबुजतात तसं कुजबुजून विचारलं, "ही लीवनची का?"

गायकगॅलरीपर्यंत ऐकू गेलं. हॅटांचा अख्खा मळा आमच्याकडे वळला. मी मावशीच्या हॅटची कड खाली ओढली.

"मला माहीत नव्हतं," मी ओठ न हलवता पुटपुटले. "देवाशपथ—"

"इथे शपथ नको," तो तसाच पुटपुटला. "ही आईची जागा."

त्याची बाही माझ्या बाहीला टेकलेली होती आणि ती बाजूला झाली नाही.

उपदेशाचे नेहमीप्रमाणे तीन भाग होते, आणि आमच्याकडे दर भागाला एक पेपरमिंट. पहिल्या भागाला आजीने पुडी पुढे केली. ती हातोहात लीवनपर्यंत आली, त्याने ती माझ्याकडे दिली. दुसऱ्या भागाला फेमकेने तिची अर्धी चोखलेली गोळी मला देऊ केली. मी मानेनेच नको म्हटलं. पाळक वर गरजत होता, पण मला नुसतं पावसासारखं दूरचं काहीतरी ऐकू येत होतं... आणि शेजारचा श्वास. तिसरा भाग सुरू झाला. पुडी पलीकडून वडिलांनी स्वतः उचलली. सगळ्यांना ओलांडून त्यांचा मोठा, शिंपल्यांनी कापलेला हात माझ्यासमोर आला. तळव्यावर एक पांढरी गोळी. माझ्याकडे न बघता.

मी ती घेतली. तोंडात टाकली आणि रडू आवरत चोखत राहिले.

बाहेर धुक्यात लोक अभिनंदन करत हात मिळवायला यायला लागले. "मी सगळ्यांना सांगते चूक झाली म्हणून," मी म्हणाले. "आत्ता सांगते, मोठ्याने, मला जमतं."

"जमतं हे माहीत आहे," लीवन म्हणाला. "पण... लगेच नको सांगू. आधी कॉफीला ये."

तुम्हीचं तू कधी झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

घरात कॉफी होती, बोलुस नावाचे दालचिनीचे चिकट, गोड पाव होते, आणि मावशी आजीच्या शेजारी बसून दोघी एकमेकींना न ऐकता आनंदाने बोलत होत्या. ते टेबल अगदी माझ्या मनातल्यासारखंच होतं, फक्त खिडकीच्या बाजूला जास्त उजेड. वडिलांनी शास्त्रपाठ वाचला, बायबल मिटलं. लेनाने खुर्ची मागे सरकवायला हात लावला.

"थांबा," लीवन म्हणाला. त्याने दीपगृहाचं पुस्तक काढलं. त्याचे कान लाल झाले होते. घसा साफ करून तो वाचायला लागला.

देवा! मी कितीतरी आठवडे त्या घराच्या आवडीनिवडी विचारल्या होत्या, पण वाचतं कोण, हे एकदाही विचारलं नव्हतं. तो वादळ असं वाचत होता, जसा बाजारात शिंपल्यांचा भाव सांगतात. एका सुरात, हनुवटी छातीला लावून, वाक्य संपलं की नाही ते कुणालाच कळू न देता. दीपगृह बुडत होतं आणि तो भाव सांगत होता. आजीने बोलुस उचलला. फेमके टेबलाखाली घसरली. दोष बिचाऱ्या पुस्तकांचा नव्हताच.

मला हसू फुटलं. दाबलं, तरी फुटलंच.

लीवन थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वडिलांनी त्याच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. मला वाटलं, संपलं, आता हे मिटणार. त्यांनी ते टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

"निवडलंस तू," ते म्हणाले. "वाच."

मी वाचलं. मावशीला वाचते तसं, पाववाल्यापर्यंत जाईल अशा आवाजात. वारा झाले, आजी झाले, वल्हं मारणारी मुलगी झाले. जिन्यातल्या सशाला मी बारीक खरखरीत आवाज दिला, तशी टेबलाखालून फेमके वर आली. आजीने बोलुस खाली ठेवला. "मला ऐकू येतंय," ती चकित होऊन म्हणाली, "सगळं ऐकू येतंय!" लेनाचा हात खुर्चीवरून निघाला आणि हनुवटीखाली गेला. अध्याय संपला तेव्हा कॉफी गार झाली होती आणि कुणीही उठलेलं नव्हतं. वडील खिडकीकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते.

"पुढे?" लेना म्हणाली. "बोट निघते का?"

"ते पुढच्या रविवारी," मी म्हणाले, आणि जीभ चावली. पुढचा रविवार मला कुणी दिला होता? मी उठून हॅट घेतली. "मला माफ करा. सकाळी बाकावर... ती जागा तुमच्या... मी चुकून बसले होते."

वडिलांनी चष्मा पुसला, सावकाश, दोन्ही काचा.

"पुढच्या रविवारी चुकून बसू नकोस," ते म्हणाले.

मी हॅट घेऊन दाराकडे वळले. पण लीवन उठून माझ्यापाशी आला होता, आणि त्याने सगळ्यांसमोर माझ्या हातातली ती हॅट काढून घेतली.

"मुद्दाम बस," तो म्हणाला.

आजीने विचारलं, काय म्हणाला तो? मी त्याला हो म्हणाले, आणि तिलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.