शेवटची केस

नर्सबाई दिसली की त्या गावातले बाप्ये मागच्या दारानं शेताकडे पळायचे. आणीबाणीला दहा वर्षं उलटली, तरी नसबंदीचा धाक गेला नव्हता. म्हणूनच कुंदा थबकली. एक तरणाताठा गडी ओट्यावर चक्क बसून होता, आणि एका पोरीची वेणी घालत होता. तीही वाकडी!

कुंदाची नोकरी नवी, गाव नवं. तिनं जुन्या नर्सच्या वहीत घर शोधलं. धनसिंग, बायको केसरबाई, मुलं तीन. अंगणातली पोरं मोजली. तीनच. झालं तर मग!

"धनसिंगभाऊ, आता तीन पुरेत हं," म्हणत तिनं लाल त्रिकोणाचं पत्रक पुढे केलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं.

तो गोंधळला, लाजला, मग हसला. "परत सांगा ना... नीट कळलं नाही."

ती दर मंगळवारी परत सांगायला जाऊ लागली. तो विचारायचा — दुखतं का? नांगर धरता येतो का? आणि ऐकताना असा बघायचा, की तिचं पाठ भाषण मध्येच तुटायचं.

"पुढे... काय सांगत होते मी?"

"टाके घालत होता तुम्ही."

"इश्श! केसरबाईंना विचारलंत का?"

"त्या गुजरातेत गेल्यात... ऊस तोडायला."

बायकोलाही 'त्या' म्हणतो, किती मान देतो हा, या विचारानं कुंदाला जास्तच वाईट वाटलं. धुळ्याला घरी परतताना एसटीत ती स्वतःवरच चिडली. तीन पोरांचा बाप तो! मग आपण मंगळवारीच अबोली का माळतो? मार्चअखेर नसबंदीच्या ठरवून दिलेल्या आकड्यात एक केस जरी कमी पडली, तर बदली थेट अक्राणीच्या डोंगरात. आणि केस झाली, तर त्या ओट्यावर जायचं कारणच संपलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

होळीच्या दुसऱ्या दिवशी, त्यानं सांगितलं होतं तशी, ती शिंदखेड्याच्या शिबिराची जीप घेऊन आली. ओट्यावर त्याच्या शेजारी उन्हानं रापलेलं एक जोडपं बसलं होतं. त्यातला पुरुष उठला.

"मी धनसिंग. चला, मी तयार शे."

"मग हे...?"

केसरबाईनं तोंडाला पदर लावला. "हाऊ मना देर, यासना धाकला भाऊ, लोटन. याना आजून लगनच नही व्हयनं! तुमनं बठ्ठं बोलनं, एक एक शबद, यानीच आम्हले चिठ्ठीमा लिखी धाडं."

कुंदाचे कान तापले. रडावं, रागवावं, की नाचावं... तिला काही कळेना.

"इतके दिवस फसवलंत मला?"

"पहिल्या दिवशी तुम्ही बोलूच दिलं नाहीत," लोटन खाली बघत म्हणाला. "आणि नंतर सांगितलं असतं, तर पुढच्या मंगळवारी आला असता का?"

"नसते आले."

"तेच तर..." गडबडीत तो आपल्या बोलीवर घसरला. "माले तुम्ही आवडतस, नर्सबाई. हाई खोटं नही. धुळ्याला येऊन तुमच्या वडिलांना विचारू? कधी येऊ?"

जीपवाला हॉर्न वाजवत होता. कुंदानं धनसिंगला आधी जीपमध्ये बसवलं, मग स्वतः चढली, आणि मान बाहेर काढली.

"एप्रिल लागला की या," ती म्हणाली. "तोवर मला मरायलाही फुरसत नाही."