ठोकळ्याचा जुना डोळा

धूळ स्पष्ट आणि तडा पुसट! फोटो पुन्हा तसाच आला.

चांद्रतळाच्या दाराला दुहेरी काच होती. आतल्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात केसाएवढा तडा गेला होता. ठोकळा या यंत्रमानवाने फोकस तड्यावरच केला होता, पण फोटोत ठळक दिसत होती ती बाहेरच्या काचेवरची धूळ.

बाहेर गाडीत राहीची आई खोळंबली होती आणि तिचा प्राणवायू संपत चालला होता. तडा काचेच्या कडेच्या रबरी पट्टीला भिडला असेल, तर दार उघडताच काच फुटणार. नीट फोटो पाहिल्याशिवाय मुख्य तळ परवानगी देईना.

"राही, जेवलीस का गं?" रेडिओवर आईचा आवाज आला.

"तू आलीस की जेवते," राही कशीबशी म्हणाली.

सौरवादळात ठोकळ्याच्या डोळ्याची मोटर जळाली होती. म्हणून आजोबांनी त्याला आपल्या जुन्या कॅमेऱ्याचं, हाताने फिरवायचं भिंग बसवलं होतं.

"वडिलांच्या मिरजेच्या फोटो स्टुडिओत शिकलो तसंच करायला सांगितलं मी," आजोबा वैतागून म्हणाले. "ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघडून भरपूर उजेडात फोकस करायचा. मग छिद्र बारीक करून फोटो काढायचा."

"ठोकळ्या, फोटो नको काढूस. तड्यावर फोकस कर आणि छिद्र हळूहळू मिटत जा," राही म्हणाली.

पडद्यावर तडा विरघळला आणि धूळ उमटली.

"आजोबा, हात न लावता फोकस सरकला!"

आजोबांनी कपाळावर हात मारला. "गोलीय विपथन! म्हणजे भिंगाच्या कडेचे किरण जवळ एकत्र येतात आणि मधले जरा लांब. छिद्र उघडं असताना ठोकळा दोन्हींच्या मधली जागा धरतो. छिद्र बारीक केलं की कडेचे किरण अडतात. उरलेले मधले किरण डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मागे जुळतात, म्हणून तड्याऐवजी लांबची धूळ स्पष्ट होते. नव्या भिंगांत हे फारसं होत नाही, म्हणून मी विसरलोच!"

"मग आधी छिद्र बारीक करू आणि नंतर फोकस!"

"बारीक छिद्रातून उजेड कमी येतो, काही दिसायचं नाही गं."

"मी विजेरी धरते."

तिने विजेरी तड्याजवळ टेकवून धरली. ठोकळ्याने अंधुक चित्रात तडा शोधला आणि फोटो काढला.

तडा पट्टीच्या बोटभर अलीकडेच थांबला होता.

मुख्य तळाने परवानगी दिली. दार करकरत उघडलं तेव्हा आजोबांनी डोळे मिटून घेतले होते. काच टिकली.

"पुढच्या यानातून नवी मोटर येईल," ठोकळा म्हणाला. "हा डोळा परत करू?"

"राहू दे. आता त्याची खोड कळली आपल्याला," राही म्हणाली. "याने आपण बाहेरचे खडक पाहू."

आई आत आली आणि तिने शिरस्त्राण काढलं. राही तिला बिलगली आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू फुटलं.

"आई, मला खूप भूक लागलीये."