टेबलावरचा परीक्षक

पालिकेच्या खिडकीतून मावशीच्या दुकानाचा स्वतःच्या नावावरचा परवाना हाती पडला आणि आनंदात गर्रकन वळताना ती एका तरुणावर आदळली.

"झालं एकदाचं!" ती त्यालाच म्हणाली.

"कसलं झालं?" तिच्या हातातला कागद वाचत तो म्हणाला. "पालिकेने नुसती जागेची परवानगी दिली. देह टिकवायची औषधं वापरायची परवानगी केंद्राची, आणि कामाला हात लावायचा तर राज्याची परीक्षा." त्याने पुन्हा कागदावर नजर टाकली. "धंदा... मृतांचे चेहरे सजवणं?"

हे वाचून माणसं मागे सरकत. हा मात्र जवळ आला... आणि हसला.

राज्याचा परीक्षक तोच आहे, हे तिला परीक्षेच्या दिवशी कळलं. तोवर केंद्राच्या परवानगीसाठी त्याने तिच्याबरोबर इतके हेलपाटे घातले होते, की मावशी गालातल्या गालात हसत होती. पण मावशीचे हात आता थरथरत. भाचीला परवाना मिळाला नाही, तर दुकानाला टाळंच.

आणि परीक्षेच्या दिवशी गावात नेमकं कुणी मेलं नाही!

"मग मीच झोपतो," म्हणत परीक्षकसाहेब बूट काढून गार टेबलावर आडवे झाले. डोळे मिटले.

खोलीत औषधाचा वास होता, पंख्याची घरघर होती. तिने त्याचा चेहरा पुसला, पावडर लावली. हळूहळू ती सगळं विसरली. मेलेल्यांशी गप्पा मारत काम करायची तिची जुनी सवय. "नाक भलतंच हट्टी आहे हो तुमचं... असा माणूस रोज दाराशी आला असता, तर मी—"

ती थबकली. त्याची छाती हलत नव्हती. गाल गार. ओठ तिनेच फिकट केले होते, की...?

"अहो?"

तिने त्याचा खांदा हलवला.

"अहो, उठा ना!" या टेबलावरून आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं.

"उठू?" मिटल्या डोळ्यांखाली ओठ हलले.

ती किंचाळली, रडली, मग ब्रश त्याच्या अंगावर भिरकावला. "श्वास कुठे गेला होता तुमचा?"

"तुम्ही 'तर मी' वर थांबलात... तिथेच अडकला." तो उठून बसला. गंभीर झाला. "मी तुम्हाला पास करू शकत नाही."

"काही चुकलं माझं?"

"छे! हात उत्तम आहे. पण नात्यातल्या माणसाची परीक्षा घेता येत नाही, असा नियम आहे. उद्या दुसऱ्या परीक्षकांना पाठवतो."

"आपलं कुठे काही नातं आहे?"

"ते तुम्ही अर्ध्यावर सोडलंत ना..."

त्याचा हात अजून गारच होता. तिने तो दोन्ही हातांत घेऊन चोळला, ऊब येईपर्यंत सोडला नाही, आणि मग राहिलेलं वाक्य पुरं केलं.