पाऊण जिना

बहिणीचं सामान न्यायला मी गेलो, तेव्हा मेहुणा ओट्यावर इस्त्री उलटी ठेवून तिचे स्क्रू काढत होता. त्याला सगळे पाऊणराव म्हणतात. नाव कोणी पाडलं ठाऊक नाही, पण इतकं चपखल नाव मी दुसरं ऐकलेलं नाही. घरातली खिडकी तीन बाजूंनी रंगवलेली, चौथी कोरी. पुस्तकांच्या कपाटाला दार एकच. चहासुद्धा हा माणूस पूर्ण पीत नाही. तळाशी घोटभर ठेवतो, कप जिथे असेल तिथे विसरतो, आणि बहीण दिवसभर घरातून कप वेचत फिरते.

मी विमा कंपनीसाठी पाहणी करतो. जळालेलं, भिजलेलं, कोसळलेलं बघायचं आणि ते कशामुळे झालं हे ठरवायचं. माणसांकडेही मी तसाच बघतो, अशी बहिणीची तक्रार आहे. पण या घरातलं नुकसान दिसायला माझी गरज नव्हती. ते बैठकीच्या खोलीत मधोमध उभं होतं. लेकीसाठी वर एक खोली बांधायची म्हणून त्याने जिना सुरू केला होता. सुबक काम, कठड्याला पॉलिश, पायऱ्यांच्या कडा गोल केलेल्या. पाऊण उंचीवर जिना थांबला होता. त्याच्यावर थोडी रिकामी हवा, मग अखंड छत. खोलीची तर वीटही आली नव्हती. शेवटच्या पायरीवर आता धुतलेल्या कपड्यांची चळत असे.

लेकीच्या वाढदिवसापर्यंत खोली झाली तर राहीन, नाहीतर तिला घेऊन दादाकडे जाईन, असं बहिणीने सांगून टाकलं होतं. वाढदिवस त्याच दिवशी होता. खोकी बांधून तयार होती.

"काय जावईबापू, खोली कुठवर आली?" मी विचारलं.

"खोलीचं बघू हो दादा. पोरांना भुताची पार्टी हवीये. धुकं पाहिजे."

"ऐकलंस?" बहीण आतून म्हणाली. "मागितली खोली, मिळतंय धुकं. आणि इस्त्री गेली ती वेगळीच."

"हे पूर्ण होईल," तो मान वर न करता म्हणाला.

"तुझ्या तोंडी हा शब्द शोभत नाही रे," ती म्हणाली. रागाने नाही. राग केव्हाच आटला होता, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटत होती.

त्याने मला सगळं समजावून सांगितलं. इस्त्रीचा तवा तापवायचा. ग्लिसरीन आणि शुद्ध पाणी यांचं मिश्रण थेंब थेंब त्यावर सोडायचं. जो पांढरा धूर निघेल तो छोट्या पंख्याने नळीत ढकलायचा, आणि ती नळी बर्फ भरलेल्या थर्मोकोलच्या पेटीतून काढायची. गरम धूर वर जातो. गार झाला की जड होतो आणि जमीन धरून पसरतो.

दुपारपर्यंत यंत्र तयार झालं. पेटीच्या फटींना चिकटपट्टी लागली, शेवटचा स्क्रू बसला. एवढंच नाही, त्याने हत्यारं उचलून जागेवर ठेवली. बहिणीने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे दृश्य नवीन होतं.

मुलं आली, पडदे ओढले, आणि त्याने बटण दाबलं. नळीतून धुकं आलं ते जवळजवळ लाजतच. मग दुधासारखं टेबलावरून ओघळलं आणि फरशी दिसेनाशी झाली. पडद्यातून येणारा उन्हाचा पट्टा त्यात बुडाला. ग्लिसरीनचा गोडसर वास, घोट्यांना बर्फाचा गारवा. चादरी पांघरलेली मुलं ओरडायची विसरून हळूहळू चालू लागली, पाण्यातून चालल्यासारखी. बहिणीचा चेहरा किती दिवसांनी सैल झालेला दिसला. भाची तिला बिलगून उभी होती.

धुकं जिन्यापाशी पोचलं आणि पहिली पायरी चढलं.

मी वारा कुठून येतो ते पाहिलं. दारं बंद, पंखा बंद. गार धुकं चढत नाही, हे मला सकाळीच ऐकवलं गेलं होतं. ते मात्र एक पायरी भरायचं, काठोकाठ, मग पुढची. घाई नव्हती त्याला. कपड्यांची चळत बुडाली. शेवटची पायरी भरली.

मग त्याने पुढची भरली.

तिथे पायरी नव्हती. नुसती हवा होती. त्या हवेत पांढरी, सपाट, गोल कडेची पायरी होती. तिच्यावर आणखी एक. अशा छतापर्यंत. शेजारून कठडाही चढत गेलेला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"कसं केलंस रे?" मी हळूच विचारलं.

"मी नाही केलं," पाऊणराव म्हणाला. तो त्या पायऱ्यांकडे बघत होता, लहानपणचं घर ओळखावं तसा. "पण माप बरोबर आहे."

"अरे, थांब जरा," बहीण म्हणाली.

"बघून येतो."

त्याने हातोडी घेतली. लाकडी पायऱ्या नेहमीसारख्या करकरल्या. पुढच्या करकरल्या नाहीत.

छताशी येऊनही तो वाकला नाही.

मी धावत जाऊन वायर उपटली. तेवढंच सुचलं.

धुकं विरलं. जिना पाऊणच होता, आणि त्यावर कोणी नव्हतं. वर अखंड छत, त्याला एक चीरही नाही. मुलं त्याला पडद्यामागे शोधून दमली आणि खूश होऊन घरी गेली.

मी शिडी लावून गच्चीवर गेलो. पाण्याची टाकी, वाळलेली पानं, कपड्यांची दोरी. पानांवर कोणाचा पायही पडलेला नव्हता. पुढे पोलीसही येऊन गेले. बायको सोडून जाणार म्हणून नवराच आधी गेला, असं शेजाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मला ते पटवून घ्यायला आवडलं असतं.

पण दुसऱ्याच दिवशी छताच्या वर ठोकण्याचा आवाज सुरू झाला. सावकाश, नीट, माप घेऊन ठोकल्यासारखा. मी गच्चीवर गेलो की तो पायाखालून येई. खाली आलो की डोक्यावरून.

"चल माझ्याकडे," मी रोज म्हणायचो.

"काम चाललंय ना दादा," बहीण म्हणायची. "मध्येच कशी येऊ?"

मी राहिलो. त्यांना तिथे सोडून जाववेना. भाची रोज दुपारी बाबांचा चहा शेवटच्या पायरीवर ठेवायची. संध्याकाळी ती कप खाली आणायची, तळाशी घोटभर उरलेला. बहीण तो घोट ओतून कप विसळायची, नेहमीसारखाच. मांजर असेल, असं मी स्वतःला सांगायचो. त्या घरात मांजर नाही.

आज आवाज थांबला.

मी बहिणीला तसं म्हणालो. भाची जिना चढून कप घेऊन आली आणि तिने तो माझ्या हातात दिला. कप बर्फासारखा गार होता.

"मामा, बघ ना."

कप रिकामा होता. तळाला थेंबसुद्धा नव्हता.

बहिणीने तो पाहिला. पदराने पुसला आणि फळीवर ठेवला. मग बांधलेली खोकी एकेक करून ओढत तिने जिन्याच्या पायथ्याशी आणून लावली.

"ही इकडे कशाला?" मी विचारलं. "गाडी बाहेर आहे."

"तू जा दादा," ती म्हणाली. फार दिवसांनी तिचा आवाज गोड आला. "आमचं काय, झालंच आहे आता."

मी गेलो नाही. बाहेरच्या दाराला आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. स्वयंपाकघरात थर्मोकोलच्या पेटीपाशी भाची काहीतरी गुणगुणत होती. मध्येमध्ये ती थांबायची, आणि बर्फ फोडल्याचा आवाज यायचा.