खुर्चीवरची जांभळी ओढणी

"घर भारी हाये, पन यात कोनी राह्यत नाही वाटते."

मागून आवाज आला आणि माझा हात माउसवरच थांबला. वळून पाहिलं, तर एक उंच, सावळा मुलगा. शर्टाच्या बाहीला कापसाचे तंतू चिकटलेले. लोहाऱ्याच्या आमच्या फर्निचरच्या शोरूममध्ये दारं पाहायला आलेला, आणि दारं सोडून माझ्या स्क्रीनकडे पाहत उभा!

"हे रेंडर आहे," मी ताठ्यात म्हटलं. "खोली बांधण्याआधी कॉम्प्युटरवर तिचं चित्र करतात. फोटोसारखं."

"फोटोसारखं वाटून नाही राह्यलं न पन. कोनी चप्पल काढली नाही, कोनी चहा प्यालं नाही…"

असा राग आला! कारण सकाळीच सरांनी सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, "मिताली, प्लॅस्टिक दिसतंय सगळं." आता गिऱ्हाइकानंही जखमेवर मीठ चोळावं? आणि सरांनी त्याच्याच घराचं काम माझ्या गळ्यात घातलं.

त्याचं नाव अमर. बाभुळगावजवळ शेती. जुन्या घराशेजारी नवं घर बांधत होता, भिंती उभ्या होत्या आणि प्लास्टर बाकी होतं. "आईले दाखवाले एक चित्र पाहिजे," तो म्हणाला. "तिले नुसत्या विटा पाहून भरवसाच नाही येत."

"बैठकीत ऊन कुठून येतं?" मी कोरडेपणानं विचारलं. उजेड चुकला की चित्र खोटं पडतं.

"सांगून समजन काय तुमाले? फोटोच पाठवतो."

आणि पाठवत राहिला. सकाळचं ऊन खिडकीच्या चौकटीवर… दुपारचं सिमेंटच्या पोत्यावर… संध्याकाळचं दाराजवळच्या भिंतीवर, पिवळंधम्मक. खाली एखादी ओळ. 'आज ढग हायेत. ऊन सुट्टीवर गेलं.' मला एवढे फोटो नको होते, दोन पुरले असते. पण हे मी त्याला कशाला सांगू?

मी चित्र मुद्दाम बिघडवायला घेतलं. कॉम्प्युटरमध्ये सगळंच सरळ असतं, खऱ्या घरात काहीच सरळ नसतं. पडदा एका बाजूनं आखूड केला. टीपॉयवर कपाचा गोल डाग पाडला. दाराशी चप्पल ठेवली, एक वाकडी. तरी काहीतरी कमी होतं. माझी जांभळी ओढणी ऑफिसच्या खुर्चीवर पडली होती. तिचा फोटो काढला, चित्रातल्या कापडावर चढवला आणि ते कापड दाराजवळच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलं, बरोब्बर त्याच्या संध्याकाळच्या उन्हात.

खोली जिवंत झाली. आणि मी लाजेनं अर्धी झाले. कुणाच्या घरात मी काय टाकून आले होते! काढायला हवी होती ती ओढणी. नाही काढली.

चित्र न्यायला तो आला तेव्हा कितीतरी वेळ बघत राहिला.

"हे जांभळं काय हाये?"

"असंच… घर खरं वाटावं म्हणून."

"वाटून राह्यलं," तो हळूच म्हणाला. माझ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलता बोलता थांबला. मग कापूस वेचणी सुरू झाली, फोटो थांबले. उन्हाचं काम संपलं होतं ना!

मग एक दिवस कुंदाकाकूनं फोन माझ्या नाकासमोर धरला. आई गेल्यापासून माझ्या लग्नाचं सगळं काकूच बघायची. "त्या लग्नं जुळवणाऱ्या विमलताईंनी स्थळ पाठवलंय. शेतीवाला आहे, पण घर बघ गं कसं आहे!"

मुलाच्या आधी मी घर ओळखलं. माझंच चित्र! फोटो म्हणून पाठवलेलं.

सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर बाबांनी तिथल्या तिथे नकार कळवला असता. म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं. ज्या बाबांनी माझ्यापासून कधी काही लपवलं नाही, त्यांच्याशी मी खोटी वागत होते, आणि जेवताना मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

रविवारी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. अमर मान खाली घालून बसला होता, जबरदस्तीनं आणल्यासारखा. मला पाहिलं आणि ताडकन उभाच राहिला. त्याच्या आईनं, इंदूबाईंनी, त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"घर सुरेख बांधलंत," बाबा फोन पुढे करत म्हणाले. अमरनं फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

तेवढ्यात काकूनं फोटो बोटांनी मोठा केला. "घरात बाईमाणूस म्हणून इंदूबाई एकट्याच ना? मग ही ओढणी कोणाची?"

मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

"काका, हा फोटो नाही," अमर म्हणाला. "चित्र हाये. घराले अजून प्लास्टर नाही. मले ठाऊक नव्हतं हे पाठवलं म्हनून, पन गेलं आमच्याच घरातून. माफ करा."

इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. "शेतीवाला म्हटलं का पोरी तोंड फिरवतात हो… म्हटलं, घर तं बांधूनच राह्यलो…"

"ते ठीक. पण चित्रात ओढणी आली कुठून?" काकू काही सोडेना.

अमरनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "माह्या सांगन्यावरून टाकली."

"म्हणजे कोणीतरी आहे तुमची," बाबा थंडपणे म्हणाले. "मग तिच्याशीच करा ना लग्न!"

तो उठला. "चाल आई."

मी ट्रे टेबलावर ठेवला. "बाबा… ती माझी आहे."

"काय?"

"ओढणी. चित्र मीच केलंय. ओढणीही मीच टाकली, यांनी नाही सांगितलं. आणि घर तसं नाही, हे मला आधीपासून माहीत होतं."

"मग बोलली काहून नाहीस?" रागावले की बाबांच्या बोलण्यात त्यांच्या आजोळची बोली उतरायची.

"सांगितलं असतं तर तुम्ही यांना येऊ दिलं नसतं."

बोलून गेले आणि कळलं, मी काय बोलले. सगळ्यांसमोर! डोळ्यांत पाणी आलं. काकूनं पुन्हा फोटो डोळ्यांजवळ नेला. "अगं बाई, ही तर मीच दिली होती दिवाळीला!"

बाबांनी पोह्यांची एक बशी उचलली. मग अमरला म्हणाले, "बसा. पोहे थंड होतात." आणि घासभर खाऊन झाल्यावर, "प्लास्टर कधी होणार?"

"कापूस निघाला का करतो, काका."

"तेव्हा घर पाहायला येतो. फोटो पाठवू नका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. उघड्या विटा, दाराजवळच्या भिंतीवर तेच पिवळं ऊन, आणि उन्हात एक रिकामी खुर्ची.

'खरं घर हाये, तरी खोटं वाटून राह्यलं. कधी येता?'

मी कितीतरी वेळ हसले, रडलेही थोडी. मग लिहिलं, 'ओढणी धुवायला टाकलीय. वाळली की येते.'